माझ्याच पत्त्यावर आणखी कोणीतरी

या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचायला यायचे. खरं सांगायचं तर हसायला. पुलावर लिफ्ट मागणारी बाई, आरशात न दिसणारा पाहुणा... असं काही सापडलं की नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि दोघांनी मिळून हसायचं. माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता असं म्हणणंही जास्त होईल, कारण ठेवायचा की नाही हा प्रश्नच कधी पडला नाही. मी कॉम्प्युटरवर काम करणारी बाई. काही बंद पडलं तर त्याला कारण असतं — केबल, पॉवर, सेटिंग, नाहीतर माणूस. पाचवं कारण मला माहीत नव्हतं.

आता लिहितेय ते हसू येण्यासारखं नाही. कोणाला आलंच तर हसा, माझी तक्रार नाही.

माझं नाव उज्ज्वला. माहेर नाशिकचं, सासर अमळनेरकडचं, पण सासरे तरुणपणीच लूमवर कामाला म्हणून सुरतेला आले, त्यामुळे आमचं सगळं इथलंच. पर्वत पाटियाच्या आतल्या बाजूला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. नवरा नीलेश एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर, मुलगी गार्गी दुसरीत, आणि अजून गावाकडची अहिराणीच बोलणाऱ्या सासूबाई. मी कडोदरा रोडवरच्या एका एम्ब्रॉयडरी युनिटमध्ये डिझाइनचं काम करत होते. खाली हॉलमध्ये साड्यांवर भरतकाम करणारी मोठी मशिनं, वर ऑफिस. आम्ही वर डिझाइन बनवायचं आणि नेटवर्कवरून खाली मशीनला पाठवायचं. नेटवर्कचंही थोडंफार मला जमायचं, म्हणून काही अडलं की शेठ मलाच हाक मारायचे.

आता एवढंच समजून घ्या — नेटवर्कवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. घराच्या नंबरासारखाच. एका नंबरावर दोघं राहू शकत नाहीत. हे नंबर आपण हाताने टाकू शकतो, नाहीतर राउटरवर सोपवायचं, तो ज्याला त्याला आपोआप वाटून देतो. आमच्याकडे सगळे नंबर हाताने टाकलेले होते. माझ्या आधीच्या माणसाने टाकले, चालत होते, म्हणून मीही कधी हात लावला नाही.

लग्नसराईचं काम जोरात होतं तेव्हाची गोष्ट. एके दिवशी सकाळी माझ्या स्क्रीनवर कोपऱ्यात मेसेज आला — या नेटवर्कवर दुसऱ्या एका कॉम्प्युटरलाही तुमचाच ॲड्रेस आहे. मी ओके दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा. मग उठून एकेक कॉम्प्युटर तपासला, खाली जाऊन मशिनं तपासली. माझा नंबर कोणाकडेच नव्हता. कोणाचा तरी मोबाइल असेल म्हणून वायफाय बंद केलं. तरी मेसेज. शेवटी वैतागून माझा नंबरच बदलला. ती दुपार शांत गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या नंबरावरही तेच — दुसऱ्या एका कॉम्प्युटरलाही तुमचाच ॲड्रेस आहे.

शेठना सांगितलं. ते फोनवर होते, फोन कानाला तसाच ठेवून म्हणाले, "बधुं ऑटोमॅटिक करी नाखो ने, बेन!"

सगळं ऑटोमॅटिक करून टाकायला पाहिजेच होतं. पण त्यासाठी सगळी मशिनं थांबवून एकेक नव्याने जोडावं लागलं असतं, आणि पार्टीवाले साड्यांसाठी ऑफिसात येऊन बसलेले. म्हटलं, हे काम उरकलं की करू.

त्याच आठवड्यात रमिलाबेनने मला जिन्यात अडवलं. रमिलाबेन आमच्याकडे धागा कापणं, घडी, पॅकिंग बघतात. माझ्याशी हौसेने मराठी बोलतात. मी वर चढत होते आणि त्या वरच्या पायरीवर उभ्या राहून माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तुम्ही... आत्ता तर वर गेल्या ना?"

"नाही हो. मी खाली मशीनवर होते."

"अरे पण माझ्या बाजूनेच गेल्या. मी बोलली पण, केम छो. तुम्ही काही बोलल्या नाही. मला वाटलं, टेन्शनमध्ये हशे."

मी हसून सोडून दिलं. दोन दिवसांनी गेटवरचा चहावाला म्हणाला, बेन, मघाशी हाक मारली तर बघितलं पण नाही. मी त्या दिवशी सकाळपासून बाहेर पडलेच नव्हते. तेही सोडून दिलं. साधा सलवार-कमीज घातलेली, केस बांधलेली, खांद्यावर पर्स असलेली बाई... सुरतेत माझ्यासारख्या किती असतील.

मग तो शुक्रवार आला. दुपारी गार्गीच्या व्हॅनवाल्या काकांचा फोन. आवाजात चीड. "बेन, छोकरी को आप ले गए तो एक फोन तो करते! मैं इधर कब से राह देख रहा हूँ."

मला आधी कळलंच नाही. "कोणाला नेलं?"

"गार्गी को. वॉचमन बोल रहा है, मम्मी आके ले गई."

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. सासूबाईंना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. नीलेश शिफ्टवर, फोन लॉकरमध्ये. शाळेत लावला. तिथली बाई शांतपणे म्हणाली, "मॅडम, आप ही तो आए थे." मी पर्ससुद्धा न घेता पळाले. रमिलाबेनने मागून धावत येऊन हातात पैसे कोंबले. रिक्षात बसून मी रिक्षावाल्यावर ओरडत होते, आणि पर्वत पाटियाच्या चौकात ट्रॅफिक असं तुंबलेलं की शेवटी उतरून पळत सुटले. पळताना डोक्यात एकच — तिने आज कुठला युनिफॉर्म घातलाय, पोलिसांनी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. पांढरा की निळा? आठवेचना.

घराचं दार उघडंच होतं. गार्गी सोफ्यावर पाय हलवत बसलेली, हातात वाटी, सासूबाई तिच्या केसांना तेल लावत होत्या. मी तिथेच दारात बसले.

"मम्मी, तू पुन्हा आलीस?" ती म्हणाली.

तिला जवळ घेतलं. मला रडू यायला लागलं तशी ती घाबरली. शांत झाल्यावर विचारलं, "बेटा, तुला शाळेतून कोणी आणलं?"

"तू."

"मी ऑफिसला होते गं."

"नाही, तूच. पण तू आज गंमत करत होतीस." ती हसली. "प्रत्येक वळणावर मलाच पूछत होतीस — आता कुठे? मी बोलली, लेफ्ट. मग पुन्हा — आता कुठे? मंदिर आलं तरी तुला कळलं नाही."

"मग?"

"मग आपल्या बिल्डिंगखाली आलो तर तू बोललीस, हे का आपलं घर? मी बोलली हां, तिसरा माळा. तू बोललीस, तू जा. आणि खालीच उभी राहून वर बघत होतीस."

माझ्या मुलीने हात धरून कोणालातरी आमच्या घरापर्यंत आणून सोडलं होतं. मी गॅलरीत जाऊन खाली पाहिलं. भाजीची हातगाडी, दोन स्कूटर, ऊन. बस.

दुसऱ्या दिवशी नीलेश शाळेत गेला, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघून आला. म्हणाला, "उज्ज्वला, पाठमोरी दिसते. पण तूच आहेस. ड्रेस तोच, पर्स तीच. डाव्या पायावर भार देऊन उभी राहायची सवयसुद्धा तीच."

"अहो, पर्स तर ऑफिसात टेबलावर राहिली होती! रमिलाबेनना विचारा."

"विचारलं. त्या म्हणाल्या, तू पळत निघालीस त्याआधी थोडा वेळ जागेवर नव्हतीस."

मी खाली मशीनवर होते. पण ते पटवून कसं देणार? तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. तो हळू आवाजात, समजावून बोलत होता. ताण आलाय, झोप नाही, एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवू. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मलाही वाटायला लागलं की असेलही. मीच गेले असेन. मीच विसरले असेन. मशीनपाशी उभी होते हे मला आठवतं, पण आठवतं म्हणजे झालंच, असं कुठे असतं? त्या दिवसांत मी दर थोड्या वेळाने मोबाइलवर स्वतःचा फोटो काढून ठेवायचे, ऑफिसच्या भिंतीसकट. माझा मलाच पुरावा.

स्क्रीनवरचा मेसेज रोज येतच होता. मी न वाचता ओके दाबत होते.

मग सासूबाई. मी संध्याकाळी आले की त्यांच्या तोंडी काहीतरी विचित्र यायला लागलं. एकदा भाजी निवडताना म्हणाल्या, "दुपारले निस्तं पानी पिसन गयी. चहा तरी लेती."

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "दुपारी? मी दुपारी कुठे आले आई?"

"उनथी ना वं. आठे बठनी, पानी पिनी आनि गयी." आणि पुन्हा निवडायला लागल्या.

आमच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, पण डोकं एकदम लख्ख. मी दारं-खिडक्या पाहिल्या, शेजारी विचारलं. शेजारची मारवाडी भाभी म्हणाली, आजकाल दोपहर को जल्दी आ जाती हो, अच्छा है. मी दार लावून घेतलं.

त्यानंतर एका दुपारी मी कोणाला न सांगता निघाले. शेठ बाजारात गेले होते, रमिलाबेन खाली होत्या. मागच्या जिन्याने उतरले, रिक्षा केली, सरळ घरी. बेल वाजवली. सासूबाईंनी दार उघडलं आणि माझ्याकडे पाहून जरा थबकल्या.

"आई, कोणी आलंय का आत?"

"नही वं. आज नही."

घरभर फिरून पाहिलं. कोणी नव्हतं. मग आठवलं की आपण न सांगता आलोय, ऑफिसात शोधतील. रमिलाबेनना फोन लावला.

"रमिलाबेन, शेठनी विचारलं तर सांगा हं, मला जरा घरी यावं लागलं."

पलीकडे त्या हसल्या. "काय मस्करी करता! मी वर आली, समोर बघते ना तुम्हाला. काचेतून. बसल्यात तुम्ही."

"कुठे... कुठे बसलेय?"

"तुमच्या खुर्चीवर. कॉम्प्युटरसमोर. पण..." त्यांचा आवाज बदलला. "तुमच्या हातात फोन कुठे आहे?"

"रमिलाबेन, आत जाऊ नका."

पण त्या गेल्या होत्या. दाराचा आवाज आला. मग बराच वेळ फक्त खालच्या मशिनांची घरघर. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "कोई नथी." आणि थोड्या वेळाने, "खुर्ची हजी फरे छे, बेन." आत कोणी नाही, पण खुर्ची अजून फिरतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ ऑफिसात शिरताच मी सांगितलं — आज मशिनं बंद राहतील, मी सगळं ऑटोमॅटिक करणार आहे. ते काहीतरी बोलणार होते, पण रमिलाबेन माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या होत्या, त्यांचा चेहरा पाहून नुसती मान हलवून बाहेर गेले. रमिलाबेनने सकाळपासून माझा दुपट्टा मुठीत धरून ठेवला होता. मीच सांगितलं होतं, मला एकटं सोडू नका.

काम तसं सोपं. राउटरमध्ये जाऊन आपोआप नंबर वाटायची सोय चालू केली. कुठल्या नंबरापासून कुठपर्यंत वाटायचे, ते ठरवून दिलं. मग प्रत्येक कॉम्प्युटरवर आणि मशीनवर हाताने टाकलेला नंबर पुसून 'आपोआप घ्या' करायचं. माझा कॉम्प्युटर मुद्दाम शेवटी ठेवला. तिथला जुना नंबर पुसला, ओके दाबलं. क्षणभर नेटवर्क गेलं, आलं. माझ्या कॉम्प्युटरला नवा नंबर मिळाला. आम्ही दोघी स्क्रीनकडे बघत बसलो. मेसेज आला नाही.

इथेच थांबायला हवं होतं. पण मला राहवलं नाही. एखाद्या नंबरावर कोणी आहे का हे बघायची एक साधी कमांड असते, पिंग म्हणतात. आपण त्या नंबराला हाक मारायची, तिथे कोणी असेल तर उत्तर येतं. मी माझ्या सगळ्यात पहिल्या नंबराला हाक मारली. आता तो नंबर कोणाचाच नव्हता.

उत्तर आलं.

मी बाकी सगळे कॉम्प्युटर बंद केले. खाली जाऊन मशिनं मेन स्विचवरून बंद करवली. वायफाय बंदच होतं. जिथे सगळ्या केबली एकत्र येतात त्या डब्यातून माझी सोडून एकेक केबल उपटली. राहिला फक्त माझा कॉम्प्युटर आणि राउटर. पुन्हा हाक मारली. पुन्हा उत्तर. लगेच. शेजारच्या खोलीतून कोणी 'ओ' द्यावी तसं.

"शुं लख्युं छे?" रमिलाबेनने विचारलं. काय लिहिलंय?

"आहे म्हणतंय," मी म्हटलं.

मी काय केलं ते सांगते. बरोबर केलं की चूक, माहीत नाही. राउटरमध्ये परत गेले आणि वाटायच्या नंबरांतून तो जुना नंबर वगळून टाकला. म्हणजे आता तो कधीच, कोणालाही मिळणार नाही. नंतर बदलून घेतलेला दुसरा नंबरही तसाच वगळला. तिला काढता येत नव्हतं. निदान आम्ही दोघी एका जागेवर येणार नाही, एवढं तरी.

त्या दिवसापासून ती कोणालाच दिसली नाही. ना जिन्यात, ना गेटवर, ना शाळेत. लग्नसराईचं काम संपल्यावर मी ती नोकरी सोडली, आता घरूनच डिझाइन करून देते. नेटवर्क जाणणाऱ्या दोघा-तिघांना विचारलं. एक म्हणाला, राउटर जुना असेल, भलतीच उत्तरं देत असेल. बरं, मानलं. मग खुर्ची? मग गार्गी? राउटरने माझ्या मुलीला रस्ता विचारला? नीलेशने आता तो विषय सोडलाय. तुमच्या या गोष्टी मात्र तो हल्ली वाचू देत नाही.

एक दिवस दुपारी मी आणि सासूबाई दोघीच घरात होतो. त्या खिडकीशी बसलेल्या. आपणहून म्हणाल्या, "आते ती येत नही."

"कोण?"

"ती."

मी उठून त्यांच्यासमोर बसले. "आई... तुम्हाला माहीत होतं? ती मी नव्हते हे?"

"माले ठाऊक व्हतं," त्या साधेपणाने म्हणाल्या. "तू कवय आयकस मन्हं? ती निस्ती आयकत बठे." तू माझं कधी ऐकतेस, ती नुसती ऐकत बसायची.

"मग घरात का घेतलंत? पाणी का दिलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी भलतं विचारलं. "दारवर उनेल मानूसले पानी बी नही देवो का? भलती दमेल दिखे बिचारी. तिले घर सापडे ना."

ती कोण होती, कुठून आली, माझाच चेहरा का घेतला, आणि तिला नेमकं कुठे जायचं होतं... मला कशाचंच उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर सांगा, पण कृपा करून उतारे-बितारे सुचवू नका.

गार्गीला आम्ही काही सांगितलं नव्हतं. पण मुलांना न सांगता कळतं. आता मी बाहेरून येऊन बेल वाजवली की ती आतून विचारते, "कोण?"

"मम्मी."

ती लगेच उघडत नाही. "सकाळी डब्यात काय दिलेलं?"

मी सांगते. भेंडी. पराठा. लिंबूभात. मग कडी निघते. सुरुवातीला वाईट वाटायचं, मग सवय झाली.

परवा कामरेजला एका पार्टीकडे डिझाइन देऊन आले. ऊन फार होतं, डोकं ठणकत होतं. बेल वाजवली. आतून आवाज आला, "डब्यात काय दिलेलं?" आणि मला आठवेना. सकाळी सहाला उठून मीच बनवलं होतं, मीच डबा भरला होता... पण आठवेचना. मी दाराला हात टेकून उभी राहिले. पलीकडे गार्गीही उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

मग तिने आत ओरडून आजीला हाक मारली, "आजी, ती आली."